एका सालाचा विज्ञान-इतिहास कसा लिहावा : १७८३ चे उदाहरण

अठराव्या शतकातील एखादे साल घेऊन त्या सालात विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काय घडले ते लिहायचे, हे काम वरवर पाहता सोपे वाटते. कुठल्याही कालपटावरून नोंदी उतरवून घेतल्या की यादी तयार होते. मात्र अशा यादीतून ते साल उभे राहत नाही, आणि तिच्यातील कित्येक नोंदी मुळात त्या सालाच्या असतातच असे नाही. प्रयोग एका साली झालेला असतो, त्याची हकिकत विद्वत्सभेत दुसऱ्या साली वाचली जाते आणि ती छापून लोकांच्या हाती पडते तिसऱ्या साली. यादी करणारा यांपैकी जे साल आधी दिसेल ते टिपून पुढे जातो. म्हणून एका सालाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने सर्वांत आधी एक शिस्त अंगी बाणवली पाहिजे, ती म्हणजे प्रत्येक घटनेच्या तारखा सुट्या करण्याची. पुढील विवेचन मुख्यतः या एकाच शिस्तीचा विस्तार आहे, आणि ते मोघम राहू नये म्हणून त्यासाठी १७८३ हे साल घेतले आहे.

साल निवडताना

शतकाचा मध्य, एखाद्या थोर शास्त्रज्ञाचे जन्मसाल किंवा एखाद्या राज्यक्रांतीचे साल अशा बाहेरच्या कारणांसाठी साल निवडू नये. पाहायच्या त्या दोन गोष्टी. त्या सालात निरनिराळ्या शाखांत आणि शक्यतो निरनिराळ्या देशांत अशी कामे झालेली असावीत, की ज्यांचे कर्ते एकमेकांना ओळखत होते, निदान एकमेकांची पत्रे वाचत होते. आणि त्या कामांची मूळ कागदपत्रे आज वाचायला मिळत असावीत. १७८३ हे साल या दोन्ही कसोट्यांना उतरते. मे महिन्यात यॉर्क येथील जॉन गुडरिक या अठरा वर्षांच्या तरुणाने एका ताऱ्याच्या तेजातील नियमित चढउताराची हकिकत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. जूनमध्ये फ्रान्समधील आनोने या गावी माँगोल्फिये बंधूंनी कापड आणि कागद यांचा प्रचंड फुगा आकाशात सोडला, आणि त्याच महिन्यात पॅरिसमध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए व गणितज्ञ लाप्लास यांनी दोन वायू एकत्र जाळून पाणी तयार केले. स्पेनमधील बेर्गारा येथे एलुयार बंधूंनी टंगस्टन हा धातू वेगळा काढला. इंग्लंडमध्ये हेन्री कॉर्टने खाचदार रुळांमधून लोखंड लाटून काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले.

सालाची राजकीय पार्श्वभूमी थोडक्यात तपासून घ्यावी, कारण पत्रे आणि माणसे कोणत्या वाटेने जाऊ शकत होती हे तिच्यावर ठरते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धामुळे ब्रिटन आणि फ्रान्स शत्रुराष्ट्रे झाली होती. जानेवारी १७८३ मध्ये तहाच्या प्राथमिक मसुद्यावर सह्या झाल्या आणि ३ सप्टेंबरला पॅरिस व व्हर्साय येथील तह पूर्ण झाले. चार्ल्स ब्लॅग्डेन हा इंग्लिश शास्त्रज्ञ जूनमध्ये पॅरिसला जाऊन लाव्हाझिएच्या प्रयोगशाळेत उभा राहू शकला, तो ही तहाची हवा तयार झाली म्हणूनच. अमेरिकेचा वकील म्हणून फ्रान्समध्ये राहणारे बेंजामिन फ्रँकलिन त्या सालाच्या उत्तरार्धात फुग्यांची सविस्तर वर्णने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना धाडत होते, तेही याच काळात.

तारखा सुट्या करण्याची रीत

कागदावर प्रत्येक घटनेसाठी एक ओळ आणि पुढे चार रकाने आखावेत : काम केव्हा झाले, पत्राने किंवा तोंडी केव्हा कळवले गेले, सभेत केव्हा वाचले गेले, छापून केव्हा आले. रिकामा राहिलेला रकाना अंदाजाने भरू नये. तो रिकामा आहे हीच एक माहिती असते.

जॉन मिशेलचे उदाहरण घेऊ. यॉर्कशरमधील थॉर्नहिल येथे धर्मोपदेशक असलेल्या मिशेलने लंडनमधील शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशला पाठवलेल्या पत्रावर २६ मे १७८३ ही तारीख आहे. ते रॉयल सोसायटीत २७ नोव्हेंबर १७८३ रोजी वाचले गेले, आणि सोसायटीच्या १७८४ च्या खंडात छापले गेले. मिशेलची ‘प्रकाश बाहेर पडू न देणाऱ्या ताऱ्याची’ कल्पना काही ठिकाणी १७८३ ची तर काही ठिकाणी १७८४ ची म्हणून नोंदलेली दिसते ती यामुळे. दोन्ही साले आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणते साल कशाचे, एवढे लिहिले म्हणजे गोंधळ उरत नाही.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या बाबतीत मात्र फार सावध राहावे लागते. अकादमीचे वार्षिक खंड तीन-तीन वर्षे उशिरा निघत, आणि खंडावरचे साल नावापुरते असे. छपाई चालू असताना सदस्य आपले ताजे लेख त्यात घालू शकत. परिणाम असा, की १७८३ च्या उन्हाळ्यातील पाण्याच्या प्रयोगांवरचा लाव्हाझिएचा लेख ‘१७८१’ च्या खंडात आहे, आणि तो खंड प्रत्यक्षात छापला गेला १७८४ मध्ये. उष्णतेवरचा लाव्हाझिए-लाप्लास यांचा लेख १८ जून १७८३ रोजी वाचला गेला, पण तो मिळतो ‘१७८०’ च्या खंडात. याउलट, लाव्हाझिएने फ्लॉजिस्टनच्या सिद्धांतावर (पदार्थ जळताना त्यातून फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य बाहेर पडते, या जुन्या समजुतीवर) केलेला घणाघाती हल्ला ‘१७८३’ च्या खंडात आहे खरा, परंतु तो खंड बाहेर आला १७८६ मध्ये. याहून बोलके उदाहरण लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाचे आहे. ऑयलर सप्टेंबर १७८३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे वारला. त्याच्या पाटीवर फुग्यांच्या ऊर्ध्वगतीचे गणित मांडलेले सापडले, ते पॅरिसला पाठवले गेले आणि अकादमीने ते ‘१७८१’ च्या खंडात छापले. १७८१ मध्ये आकाशात एकही फुगा गेलेला नव्हता. मुखपृष्ठावरच्या सालावर विसंबणाऱ्या लेखकाने हे एक उदाहरण सतत डोळ्यांसमोर ठेवावे.

ऑयलरच्या मृत्यूच्या तारखेत आणखी एक अडचण दडलेली आहे. रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग चालू होते आणि त्यात व ग्रेगोरियन पंचांगात अकरा दिवसांचे अंतर होते. म्हणून ती तारीख एका ठिकाणी ७ सप्टेंबर आणि दुसऱ्या ठिकाणी १८ सप्टेंबर अशी आढळते. ब्रिटनने सप्टेंबर १७५२ मध्येच नवे पंचांग स्वीकारले होते, त्यामुळे १७८३ साली लंडन आणि पॅरिस यांच्या तारखा जुळतात. आधीच्या एखाद्या सालावर, समजा १७४० वर लिहायचे असेल, तर प्रत्येक इंग्लिश तारखेपाशी थांबावे लागेल. काही तारखांचा घोळ मात्र पंचांगाने सुटत नाही. माँगोल्फियेंच्या आनोने येथील जाहीर प्रयोगाची तारीख आज ४ जून अशी दिली जाते, तर अनेक जुन्या पुस्तकांत ती ५ जून आहे. अशा वेळी आजची मान्य तारीख लिहून दुसरीचा उल्लेख करावा आणि पुढे जावे.

एका वादाची उकल : पाणी

प्रत्येक सालात एखादे प्रकरण असे असते की ज्यावर इतर सर्वांपेक्षा जास्त वेळ घालवावा. १७८३ मध्ये ते पाण्याचे आहे, कारण पाणी हे मूलद्रव्य नाही हे कळल्याने जुन्या रसायनशास्त्राचा पायाच ढासळला, आणि हे श्रेय कोणाचे यावर पुढे कित्येक दशके वाद चालला. असे प्रकरण हाताळताना ‘शोध कोणी लावला’ हा प्रश्न तसाच न ठेवता त्याचे तुकडे करावेत.

लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने १७८१ पासून ज्वलनशील हवा (म्हणजे आजचा हायड्रोजन) आणि साधी हवा बंद काचपात्रात भरून विजेच्या ठिणगीने पेटवण्याचे प्रयोग केले. त्याला असे आढळले, की ज्वलनशील हवेचे ४२३ भाग साध्या हवेच्या १००० भागांबरोबर जाळले, तर जवळजवळ सर्व ज्वलनशील हवा आणि साध्या हवेचा सुमारे पाचवा हिस्सा नाहीसा होतो, व पात्राच्या आतल्या बाजूला दव जमते. ते दव म्हणजे शुद्ध पाणी. ४२३ हा आकडा आजच्या ज्ञानाशी ताडून पाहावा. हवेच्या १००० भागांत ऑक्सिजन सुमारे २०९ भाग असतो, आणि पाणी होताना हायड्रोजन त्याच्या दुप्पट लागतो, म्हणजे ४१८ भाग. काचेच्या फुग्यात केलेल्या त्या मोजमापाची ही अचूकता पाहिल्यावर कॅव्हेंडिशविषयी वेगळी विशेषणे वापरण्याची गरज उरत नाही.

परंतु या निरीक्षणाचा अर्थ त्याने फ्लॉजिस्टनच्या चौकटीत लावला, आणि ते छापण्याची घाई केली नाही. त्याने ते जोसेफ प्रीस्टली या दुसऱ्या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाला सांगितले. प्रीस्टलीने तसाच प्रयोग करून जेम्स वॉटला कळवला. आणि वॉटने २६ एप्रिल १७८३ च्या पत्रात पाणी हे दोन वायूंपासून बनलेले आहे असा निष्कर्ष मांडला. ते पत्र रॉयल सोसायटीत वाचले जावे अशी त्याची इच्छा होती, पण प्रीस्टलीच्या पुढच्या एका प्रयोगाने शंका निर्माण झाल्यामुळे त्याने ते थांबवायला सांगितले. जूनमध्ये ब्लॅग्डेन पॅरिसला गेला आणि त्याने कॅव्हेंडिशच्या प्रयोगांची वार्ता लाव्हाझिएला दिली. २४ जून रोजी लाव्हाझिए व लाप्लास यांनी ब्लॅग्डेनच्या समक्ष दोन वायू एकाच तोटीतून सोडून जाळले आणि पाच ग्रो या फ्रेंच मापाहून किंचित कमी, म्हणजे सुमारे १९ ग्रॅम, पाणी गोळा केले. दुसऱ्याच दिवशी अकादमीला तसे कळवण्यात आले. त्याच उन्हाळ्यात मेझिएर येथे गास्पार माँझनेही स्वतंत्रपणे पाणी तयार केले. कॅव्हेंडिशचा लेख रॉयल सोसायटीत वाचला गेला तो १५ जानेवारी १७८४ रोजी, आणि त्याच्या वेगळ्या छापून काढलेल्या प्रतींवर चुकून १७८३ हे साल पडले. पुढच्या भांडणात त्या चुकीने तेल ओतले.

आता तुकडे करू. वायू जाळून पाणी मिळते हे मोजमापासह पहिल्यांदा दाखवले कॅव्हेंडिशने. पाणी संयुक्त आहे असे लेखी म्हणण्यात वॉट पुढे होता. फ्लॉजिस्टन बाजूला सारून, आज आपण ज्या अर्थाने म्हणतो त्या अर्थाने ‘पाणी दोन मूलद्रव्यांचे बनलेले आहे’ असे ठामपणे मांडले लाव्हाझिएने, आणि मांडताना इंग्लिश प्रयोगांचे ऋण जितके मान्य करायला हवे होते तितके केले नाही. माझ्या मते अशी तीन सरळ वाक्ये लिहिणे हे एका माणसाच्या गळ्यात माळ घालण्यापेक्षा अधिक न्याय्य आहे. तारखांचे रकाने भरलेले असले, तर ही वाक्ये सहज लिहिता येतात.

आकडे स्वतः पडताळून पाहावेत

जुन्या हकिकतींत आकडे भरपूर असतात आणि ते एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात न तपासता जात राहतात. शालेय गणिताने त्यांतले बरेच तपासता येतात, आणि ते करताना घटना जशी समजते तशी नुसत्या वाचनाने समजत नाही.

२७ ऑगस्ट १७८३ रोजी जाक शार्लने पॅरिसच्या शां द मार्स मैदानातून हायड्रोजनने भरलेला फुगा सोडला. रॉबेर बंधूंनी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या रबराचा लेप देऊन त्याचे रेशमी कापड हवाबंद केले होते. फुग्याचा व्यास बारा फ्रेंच फुटांहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ४ मीटर होता. येथेच पहिली काळजी घ्यायची : फ्रेंच फूट ३२.४८ सेंटिमीटरचा आणि इंग्लिश फूट ३०.४८ सेंटिमीटरचा. लांबीत हा फरक साडेसहा टक्क्यांचा आहे, पण घनफळात तो एकवीस टक्क्यांवर जातो. पौंडाचेही तसेच, फ्रेंच पौंड ४८९.५ ग्रॅमचा होता, इंग्लिश पौंड ४५३.६ ग्रॅमचा आहे.

चार मीटर व्यासाच्या गोलाचे घनफळ सुमारे ३३.५ घनमीटर. नेहमीच्या तापमानाला कोणत्याही वायूचा एक मोल साधारण २४ लिटर जागा व्यापतो, म्हणून फुग्यात जवळपास १,४०० मोल हायड्रोजन लागला असणार. लोखंड आणि गंधकाम्ल यांच्या अभिक्रियेत हायड्रोजनच्या एका मोलामागे ५६ ग्रॅम लोखंड आणि ९८ ग्रॅम आम्ल खर्ची पडते. म्हणजे ७८ किलो लोखंड आणि १३७ किलो आम्ल. हकिकती सांगतात, की प्रत्यक्षात सुमारे अर्धा टन लोखंड आणि पाव टन आम्ल वापरले गेले. हा फरक पाहून आकडा चुकीचा ठरवण्याची घाई करू नये. वायू गळत होता, फुगा भरायला अनेक दिवस लागले, आम्ल शुद्ध नव्हते आणि लोखंडाचा कीस पूर्णपणे विरघळत नसे. आकडे शक्यतेच्या कक्षेत आहेत, आणि त्यांतून वाया गेलेल्या वायूचे प्रमाण कळते. एवढ्या हायड्रोजनची उचलण्याची क्षमता काढली तर ती सुमारे ३७ किलो येते. त्यातून कापडाचे वजन आणि वायूत मिसळलेल्या हवेचा परिणाम वजा करायचा.

तो फुगा पाऊण तास उडून गोनेस या गावाजवळ उतरला, तेथील घाबरलेल्या गावकऱ्यांनी त्यावर हल्ला करून तो फाडून टाकला. हे अंतर निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळे दिलेले आढळते. नकाशावर सरळ रेषेत मोजले, तर शां द मार्सपासून गोनेस सुमारे १८ किलोमीटर भरते. म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी २४ किलोमीटरच्या आसपास. अशी मोजणी काही मिनिटांत होते आणि तिच्यामुळे लेखातील एक वाक्य खात्रीचे होते.

मिशेलच्या पत्रातील आकडाही असाच तपासता येतो. सूर्याइतक्याच घनतेचा पण सूर्याच्या सुमारे ५०० पट व्यासाचा तारा असेल, तर त्याचा प्रकाश त्याच्याच गुरुत्वाने परत खेचला जाईल, असे त्याचे म्हणणे. सूर्याचा मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या गुरुत्वातून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ६१८ किलोमीटर; घनता तीच ठेवली तर मुक्तिवेग व्यासाच्या प्रमाणात वाढतो; प्रकाशाच्या वेगाला ६१८ ने भागले की ४८५ येते. उत्तर चकित करण्याइतके जवळचे आहे. तरीही मिशेलला कृष्णविवर सापडले असे लिहू नये. त्याची मांडणी प्रकाश हा कणांचा बनलेला आहे आणि ते कण दगडासारखे मंदावतात या न्यूटनच्या गृहीतावर उभी होती, आणि आजची कृष्णविवराची कल्पना त्या गृहीतावर उभी नाही.

त्या माणसांना काय वाटत होते

आजच्या कल्पना त्या काळच्या माणसांच्या डोक्यात घालू नयेत, हा मिशेलच्या बाबतीतला नियम सगळीकडे लावावा. माँगोल्फिये बंधूंना गरम हवा विरळ होते म्हणून फुगा वर जातो असे वाटत नव्हते. ओले गवत आणि लोकर जाळून निघणाऱ्या धुरात एक विशेष हलका वायू असतो अशी त्यांची समजूत होती, आणि म्हणून ते मुद्दाम धूर होईल असेच इंधन वापरत. समजूत चुकीची होती, फुगा मात्र उडाला. ही गोष्ट लपवल्याने त्यांचे काम मोठे होत नाही. उलट ती सांगितली, की कागद बनवणाऱ्या घरातील दोन भावांनी सिद्धांताची वाट न पाहता काय साधले ते नीट दिसते.

व्हर्सायच्या १९ सप्टेंबरच्या उड्डाणाकडेही याच दृष्टीने पाहावे. मेंढी, बदक आणि कोंबडा यांना वर पाठवले ही गोष्ट बहुतेक लेखक करमणूक म्हणून सांगतात. वस्तुतः ती नीट आखलेली चाचणी होती. बदक एरवीही उंच उडते, म्हणून त्याला काही झाले तर दोष फुग्याचा धरायचा; कोंबडा उंच उडत नाही; आणि मेंढीचे शरीर माणसाच्या शरीराला त्यातल्या त्यात जवळचे. वरच्या हवेत प्राणी जगतो का, हा प्रश्न तेव्हा खरोखर अनुत्तरित होता. त्यानंतर २१ नोव्हेंबरला पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे ला म्यूएतच्या वाड्यापासून निघून सुमारे २५ मिनिटे पॅरिसवरून बंधनमुक्त उडाले; त्या उड्डाणाच्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून फ्रँकलिन यांची सही आहे. १ डिसेंबरला शार्ल आणि धाकटा रॉबेर हायड्रोजनच्या फुग्यातून त्युइलरी बागेतून निघाले आणि दोन तासांनी तीस किलोमीटरहून दूर नेल-ला-व्हाले येथे उतरले. रॉबेर उतरल्याने हलका झालेला फुगा शार्लला एकट्याला घेऊन सुमारे ३,००० मीटर उंचीवर गेला, तेथे त्याने मावळलेला सूर्य पुन्हा पाहिला आणि त्याच्या कानात तीव्र कळ उठली. त्याच्याजवळ वायुभारमापक आणि तापमापक होते, आणि मला हे उड्डाण साहसापेक्षा त्यांच्या वाचनांसाठी अधिक महत्त्वाचे वाटते.

फुगे आणि पाणी हे दोन विषय लेखाच्या वेगवेगळ्या प्रकरणांत कोंबू नयेत. फुग्यांसाठी ज्वलनशील हवा स्वस्तात हवी होती. अकादमीने त्यासाठी समिती नेमली. आणि त्याच गरजेतून लाव्हाझिए व म्यूनिए यांनी १७८४ मध्ये तापलेल्या लोखंडावरून पाणी सोडून त्याचे विघटन केले. एका सालाचा इतिहास लिहिण्याचे सार्थक अशाच ठिकाणी होते, कारण विषयवार लिहिलेल्या इतिहासात हा दुवा सुटतो.

सभागृहाबाहेरचे तंत्रज्ञान

विद्वत्सभांचे कागद भरपूर आहेत, कारखान्यांचे फार थोडे. त्यामुळे सालाचे चित्र नकळत सभांकडे झुकते. हा तोल सावरण्यासाठी पेटंटच्या नोंदी आवर्जून पाहाव्यात. कॉर्टचे १७८३ चे पेटंट खाचदार रुळांचे आहे. परावर्तनी भट्टीत दगडी कोळशाने कच्चे लोखंड शुद्ध करण्याच्या पद्धतीचे पेटंट १७८४ चे. दोन्ही मिळून घडीव लोखंडाचे उत्पादन पुढे अनेक पटींनी वाढले, म्हणून ती सर्रास एकाच सालात टाकली जातात. तसे करू नये. १७८३ मध्येच थॉमस बेलने कापडावर कोरीव रुळांनी छपाई करण्याचे पेटंट घेतले. फ्रान्समध्ये १५ जुलैला ल्यों येथे मार्की द जूफ्रुआ याची वाफेची बोट सोन नदीत प्रवाहाविरुद्ध सुमारे पाव तास चालली. पण अकादमीची मान्यता न मिळाल्याने काम तेथेच खुंटले. अयशस्वी ठरलेल्या अशा प्रयत्नांना जागा द्यावी, कारण त्या सालच्या माणसांना कोणता प्रयत्न फळेल हे ठाऊक नव्हते.

निसर्गाने काय केले

८ जून १७८३ रोजी आइसलँडमध्ये लाकी येथे जमीन भेगाळून उद्रेक सुरू झाला. त्यातून बाहेर पडलेल्या गंधकयुक्त वायूंमुळे युरोपभर उन्हाळ्यात कोरडे धुके पसरले, सूर्य तांबूस व निस्तेज दिसू लागला, आणि आइसलँडमध्ये पुढच्या दुष्काळात लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा दगावला. त्याआधी फेब्रुवारीपासून इटलीतील कालाब्रियात भूकंपांची मालिका झाली होती, आणि १८ ऑगस्टच्या रात्री एक प्रचंड उल्का ब्रिटनवरून फ्रान्सकडे जाताना हजारोंनी पाहिली. समकालीनांनी या घटना एकमेकींशी जोडल्या. धुक्याचे कारण आइसलँडमधील ज्वालामुखी असावा, किंवा मोठी उल्का जळाल्याचा तो धूर असावा, असे दोन्ही तर्क फ्रँकलिन यांनी पुढच्या साली मांडले. या विभागासाठी मानहाइम येथील हवामान-संस्थेच्या नोंदी अमोल आहेत. १७८० मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेने दूरदूरच्या केंद्रांना एकसारखी उपकरणे दिली होती, आणि निरीक्षणे सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९ या ठरलेल्या वेळी घेतली जात. त्यामुळे धुके कोणत्या गावी कोणत्या दिवशी पोचले हे ताडून पाहता येते.

एखादे निरीक्षण स्वतः करावे

गुडरिकचा तारा, म्हणजे ययाती तारकासमूहातील मायावती, आजही साध्या डोळ्यांनी पाहता येतो, आणि १७८३ वर लिहिणाऱ्याने तो पाहावाच असे मला मनापासून वाटते. गुडरिकला ऐकू येत नव्हते. त्याने शेजारी राहणाऱ्या एडवर्ड पिगॉटच्या सहवासात १२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्रीपासून या ताऱ्यावर नजर ठेवली. त्याचे तेज दर २ दिवस २१ तासांच्या किंचित आत एकदा मंदावते. मंदावून पूर्ववत व्हायला एकूण सुमारे दहा तास लागतात, आणि त्यात ते २.१ प्रतीवरून ३.४ प्रतीपर्यंत उतरते (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). तुलनेसाठी जवळच्या देवयानीतील अलमाक हा २.१ प्रतीचा तारा घ्यावा, आणि मंदावल्यावर ययातीतीलच तिसऱ्या प्रतीच्या आसपासचे तारे. ठरलेल्या रात्री दर अर्ध्या तासाला ‘अमुक ताऱ्यापेक्षा तेजस्वी, तमुक ताऱ्यापेक्षा मंद’ एवढेच लिहीत गेले, तरी उतार स्पष्ट दिसतो. असे केल्यावर हे लक्षात येते, की एका रात्रीच्या नोंदीतून काहीच सिद्ध होत नाही आणि आवर्तन काढण्यासाठी कित्येक ढगाळ रात्रींवर मात करावी लागते. गुडरिकने दोन कारणे सुचवली होती : ताऱ्याभोवती फिरणारे एखादे मोठे पिंड त्याला झाकत असावे, किंवा ताऱ्यावर डाग असावेत. पहिल्या तर्काला १८८९ मध्ये फोगेलच्या वर्णपटाच्या निरीक्षणांनी पुष्टी मिळाली. रॉयल सोसायटीचे १७८३ चे कोप्ली पदक गुडरिकला मिळाले. १७८६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो वारला.

सालाच्या कडा कुठे ठेवाव्यात

३१ डिसेंबरला हात आखडता घेतला, तर १७८३ अर्धवट राहते. लाकीचा उद्रेक ७ फेब्रुवारी १७८४ पर्यंत चालला, कॅव्हेंडिशचे वाचन जानेवारीत झाले, आणि मिशेलचे पत्र छापले गेले पुढच्या साली. दुसऱ्या टोकाला माँगोल्फियेंचे पहिले प्रयोग, गुडरिकची पहिली रात्र आणि लाव्हाझिए-लाप्लास यांचे बर्फाच्या उष्णतामापकातील काम १७८२ च्या अखेरीस सुरू झालेले होते. त्या उपकरणात ठेवलेल्या गिनी पिगच्या अंगच्या उष्णतेने दहा तासांत १३ फ्रेंच औंस बर्फ वितळले, आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे या निष्कर्षाला आधार मिळाला. हे प्रयोग हिवाळ्यात करावे लागत, कारण बाहेरची हवा उबदार असेल तर मोजमाप बिघडते, म्हणून ते दोन सालांत विभागलेले आहेत. यावर व्यवहार्य उपाय असा, की ज्या कामाचा निर्णायक टप्पा निवडलेल्या सालात पडतो त्याची सुरुवात आणि शेवट सालाबाहेर असले तरी एकेका वाक्यात तारखेसह द्यावेत, आणि ज्याचा फक्त छापील उल्लेख त्या सालाचा आहे ते काम गाळावे. या नियमाने कॉर्टच्या भट्टीचे पेटंट १७८४ च्या लेखाकडे जाते, पाण्याचे विघटनही एका वाक्यापुरतेच राहते. ऑयलरचे पाटीवरचे गणित मात्र कोणत्याही खंडात छापलेले असले तरी १७८३ मध्येच बसते.